विजेचा जुना बोर्ड बदलतांना

पावसाळ्यांतील एखाद्या संध्याकाळीं घरांतील दिवे एकाएकीं मालवतात. समोरच्या बिऱ्हाडांत उजेड असतो, जिन्यावरचा दिवाही जळत असतो. अर्थात् बिघाड घरांतलाच. मग कर्ता पुरुष स्टूल ओढून घेतो, दाराच्या वरच्या अंगास लावलेल्या सागवानी बोर्डावरील चिनीमातीचा पांढरा फ्यूज उपसतो, त्यांतील जळालेली तार काढतो आणि नवी बसवितो. फ्यूजतार हाताशीं नसली तर जुन्या वायरींतून तांब्याचा एखादा धागा सोलून घेतो. तोही उडाला तर दोन धाग्यांस पीळ देतो. दिवे लागतात. मंडळी समाधानाचा सुस्कारा सोडतात, आणि कर्त्या पुरुषाचें शास्त्रज्ञान घरांत आणखी आठ दिवस मान्य होतें. परंतु त्या दोन धाग्यांनीं भिंतींतील वायरींची काय अवस्था करून ठेवली, हें कोणी पाहात नाहीं.

मुंबई शहरास वीज पुरविणारी व ट्राम चालविणारी कंपनी १९०५ सालीं स्थापन झाली. १९०७ सालीं विजेच्या ट्रामगाड्या रस्त्यावर आल्या, आणि १९१५ सालीं टाटांचें खोपोलीचें जलविद्युत्केंद्र सुरू होऊन सह्याद्रीच्या पाण्यावर निर्माण झालेली वीज शहराकडे येऊं लागली. त्या काळीं, व त्यानंतरही कित्येक वर्षें, सामान्य बिऱ्हाडांत विजेला काम फार थोडें होतें. चार दिवे, एखादा पंखा, पुढें एक रेडिओ. इस्त्री असलीच तर ती रविवारपुरती. एवढ्या संसाराला दोन फ्यूजांचा बोर्ड पुरेसा होता. आज त्याच चाळींत, त्याच वाड्यांत, अथवा साठ वर्षांपूर्वींच्या सहकारी गृहसंस्थेच्या इमारतींत न्हाणीघरांत गीझर आहे, स्वयंपाकघरांत विजेची शेगडी व मिक्सर आहे, झोंपण्याच्या खोलींत वातानुकूल यंत्र आहे. दोन हजार वॅटचा गीझर २३० व्होल्टच्या पुरवठ्यांतून सुमारें पावणेनऊ अँपिअर प्रवाह ओढतो. तेवढ्याच शक्तीची शेगडी तितकाच ओढते. दीड टनाचें वातानुकूल यंत्र त्यांत सातआठ अँपिअरची भर घालतें. सकाळीं हीं तिन्ही एका वेळीं चालू झालीं कीं पंचवीस अँपिअर झाले. पूर्वींच्या सगळ्या घराला मिळून त्याचा पांचवा हिस्साही क्वचितच लागत असे.

बोर्ड बदलण्याची गोष्ट बहुधा ह्याच सुमारास निघते. वायरमन येतो, जुनें लांकूड उतरवितो, त्या जागीं कळांची एक सुबक पेटी बसवितो, आणि अर्ध्या दिवसांत काम आटोपतें. घर सुरक्षित झालें असें सर्वांस वाटतें. तें खरेंच सुरक्षित झालें काय, हा प्रश्न मात्र पेटीकडे पाहून सुटत नाहीं. पेटीच्या मागें भिंतींत काय आहे, आणि त्या पेटींतील कोणती कळ कोणाचें रक्षण करते, हें समजल्यावांचून त्याचें उत्तर मिळणार नाहीं.

फ्यूज काय किंवा त्याच्या जागीं आलेली आपोआप पडणारी कळ काय, दोहोंचें मुख्य काम घरांतील वायरींचें रक्षण करणें हें आहे. तारेंतून प्रवाह वाहूं लागला कीं ती तापते, आणि ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. जूल ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें १८४१ सालीं हा नियम प्रसिद्ध केला. प्रवाह दुप्पट झाला कीं उष्णता चौपट. वायरीवरील पी. व्ही. सी.चें आवरण सामान्यतः ७० अंश सेंटिग्रेडपर्यंतची ऊब सोसण्यासाठीं बनविलेलें असतें. त्यापुढें तें मऊ पडतें, कालांतरानें कडक होऊन तडकतें, आणि एके दिवशीं उघड्या पडलेल्या दोन तारा एकमेकींस भेटतात. म्हणून वायरीच्या वाटेंत मुद्दामच एक दुर्बळ जागा ठेवावयाची, म्हणजे जळावयाचें झालें तर डोळ्यांसमोर चिनीमातीच्या घरांत ती जळावी, भिंतींतील वायर जळूं नये. फ्यूजची सारी युक्ति एवढीच आहे. कर्त्या पुरुषानें दोन धाग्यांस पीळ दिला तेव्हां फ्यूज सबळ झाला आणि भिंतींतली वायर दुर्बळ ठरली.

ह्या कळेस ‘एम्. सी. बी.’ म्हणतात. जर्मनींतील मानहाइम गांवचा ह्यूगो स्टॉट्झ ह्याच्या कारखान्यांत १९२४ सालीं तिचा आजच्या घडणीचा पहिला नमुना तयार झाला. तिच्या पोटांत दोन स्वतंत्र योजना असतात. एक, दोन निरनिराळ्या धातूंची एकत्र जोडलेली पट्टी. भार थोडासा अधिक झाला कीं ती हळूहळू तापून वाकते व खटका सोडते. दुसरी, तारेचें वेटोळें; दोन तारा चिकटून प्रवाहाचा एकदम लोट आला तर तें लोहचुंबक बनून क्षणार्धांत खटका ओढतें. तार शोधावी लागत नाहीं, पीळ देण्याचा मोह होत नाहीं. फ्यूजपेक्षां ती निःसंशय चांगली.

परंतु तिच्याविषयीं एक गैरसमज सार्वत्रिक आहे. सोळा अँपिअरची कळ सोळा अँपिअर ओलांडतांच पडते, असें लोक समजतात. वास्तविक प्रमाणग्रंथाप्रमाणें अठरा अँपिअरवर ती तासभर पडतां कामा नये, आणि तेवीस अँपिअरवर तासाभराच्या आंत पडली म्हणजे तिचें कर्तव्य झालें. अर्थात् तेवीस अँपिअर तासभर सोसण्याची पाळी मागच्या वायरीवर येऊं शकते. म्हणून कळ निवडावयाची ती वायरीची जाडी पाहून. यंत्राची भूक पाहून नव्हे. तांब्याच्या दीड चौरस मिलिमीटर वायरीस दहा अँपिअरची, अडीचच्या वायरीस सोळाची, चारच्या वायरीस वीस किंवा पंचवीसची, असा साधारण हिशेब आहे. आणि प्रत्यक्षांत काय घडतें? नवें वातानुकूल यंत्र आलें, सोळाची कळ वारंवार पडूं लागली, घरच्या मंडळींनीं कुरकुर केली, कीं वायरमन खिशांतून बत्तीसची कळ काढून तिच्या जागीं लावतो. कुरकुर थांबते. सोळा व बत्तीस ह्या कळा दिसावयास अगदीं सारख्या, त्यावरील आंकडा तेवढा निराळा. परंतु जी वायर सोळाला पुरत होती तिला आतां चौपट उष्णता सोसावी लागेल, आणि कळ स्वस्थ बसेल. हा दोन धाग्यांचा पीळच होय. फरक एवढाच कीं पूर्वीं तो डोळ्यांना दिसत तरी होता.

श्रोत्यांपैकीं ज्यांचीं घरें जुनीं आहेत त्यांनीं वायरींची जात आधीं पाहून घ्यावी. फार जुन्या घरांतून लांकडी पट्टीवर क्लिपांनीं बसविलेल्या, रबराचें आवरण असलेल्या वायरी अद्याप सांपडतात. तें रबर इतकें वाळलेलें असतें कीं नवी पेटी जोडण्यासाठीं वायर नुसती वाकविली तरी त्याची भुकटी पडते. त्यानंतरच्या काळांत, तांबें महाग व दुर्मिळ झालें असतां, पुष्कळ घरांतून अॅल्युमिनियमच्या वायरी घातल्या गेल्या. अॅल्युमिनियम स्क्रूच्या दाबाखालीं हळूहळू सरकतें आणि हवेंत त्यावर गंज नव्हे पण गंजासारखाच एक पातळ थर चढतो; त्यामुळें सांधा सैल होऊन तापतो. सांधा तापला म्हणून प्रवाह कांहीं वाढत नाहीं, आणि प्रवाह वाढला नाहीं तर कळही पडत नाहीं. वायरमन लोक अद्याप ‘एक-अठरा’, ‘तीन-वीस’, ‘सात-वीस’ अशा जुन्या मापांनीं बोलतात. धाग्यांची संख्या व त्यांचा गेज असा त्याचा अर्थ. वायरमनानें ‘तीन-वीस आहे’ असें सांगितलें तर ती सुमारें दोन चौरस मिलिमीटरची समजावी, आणि ती तांब्याची कीं अॅल्युमिनियमची हें लागलीच विचारावें. वायरींच्या आवरणाची परीक्षा ‘मेगर’ नांवाच्या यंत्रानें ५०० व्होल्टचा दाब देऊन करतां येते. एक मेगओहमपेक्षां कमी आंकडा आला तर पेटी बदलण्याआधीं वायर बदलावयास हवी. ज्या कारागिरापाशीं मेगर नाहीं त्याच्या हातीं जुनें घर देऊं नये, हें स्पष्ट सांगणें बरें.

हें सर्व वायरीविषयीं झालें. माणसाचें काय?

गीझरचें आवरण आंतून फुटलें आणि त्याच्या पत्र्यांत वीज उतरली असें समजावें. ओल्या अंगाच्या माणसानें नळास हात लावला. त्याच्या देहाचा रोध दीड हजार ओहम धरला तर त्याच्यांतून सुमारें दीडशें मिलिअँपिअर प्रवाह वाहील, म्हणजे एक अँपिअरचा जेमतेम सातवा हिस्सा. जुन्या बोर्डावरील पांच अँपिअरचा फ्यूज उडण्यास बहुधा नऊदहा अँपिअर लागतात. सोळाची नवी कळ तर ह्या प्रवाहाची दखलही घेणार नाहीं. कॅलिफोर्निया विद्यापीठांतील प्राध्यापक चार्ल्स डाल्झील ह्यांनीं स्वेच्छेनें पुढें आलेल्या लोकांवर प्रयोग करून असें दाखविलें कीं हातांतील तार आपल्या इच्छेनें सोडून देण्याची शक्ति पुरुषांत सरासरीनें सोळा मिलिअँपिअरच्या आसपास, व स्त्रियांत साडेदहाच्या आसपास संपते. त्यापुढें स्नायू आखडून मूठ मिटते ती मिटलेलीच राहते. दीडशें मिलिअँपिअर क्षणभराहून अधिक वेळ छातींतून गेले तर हृदयाचा ताल बिघडून माणूस दगावूं शकतो. वायरीच्या दृष्टीनें मात्र ह्या सर्व काळांत कांहींच घडलेलें नसतें. दिवे शांतपणें जळत असतात.

येथें कोणी म्हणेल कीं गीझरला तीन पिनांचा प्लग आहे, तिसरी पिन जमिनीस जोडलेली आहे, मग भय कसलें? तिसरी पिन भिंतींत शिरते हें खरें. तेथून पुढें ती कोठें जाते हें पाहणें अगत्याचें आहे. जुन्या इमारतींतून अर्थिंगची तार पाण्याच्या लोखंडी नळास बांधण्याची चाल होती. नळ जमिनींतून आलेला, तेव्हां त्या काळीं ती चालून गेली. मध्यंतरीं नळ कुजले, सोसायटीनें प्लंबर बोलावून सारे नळ प्लास्टिकचे करून घेतले. पाणी स्वच्छ येऊं लागलें, आणि त्याच दिवशीं इमारतींतील बिऱ्हाडांचें अर्थिंग नाहींसें झालें. प्लंबरनें विजेचा विचार केला नाहीं, वायरमनास कोणी बोलाविलें नाहीं. तार अद्याप नळाच्या एका उरलेल्या तुकड्यास घट्ट बांधलेली दिसते. इतकेंच नव्हे तर लोखंडाचा नळ मध्येंच कोठें शिल्लक राहिला असेल तर एका बिऱ्हाडांतील गीझरचा दोष दुसऱ्या बिऱ्हाडाच्या न्हाणीघरांत प्रगट होऊं शकतो.

बरें, अंगणांत खड्डा घेऊन, नळी पुरून, कोळसा व मीठ घालून केलेलें अर्थिंग असलें तरी तें सर्वस्वीं पुरेसें नसतें. ज्या घरास केवळ स्वतःच्या खड्ड्यावर विसंबावें लागतें आणि ज्याच्या खड्ड्याचा रोध उन्हाळ्यांत माती वाळून वीस ओहमवर गेला आहे, तेथें गीझरच्या दोषांतून वाहणारा प्रवाह २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. सोळाची कळ साडेअकरावर जन्मांत पडणार नाहीं. वीज जमिनींत मुरत राहील, मीटर फिरत राहील, आणि गीझरचा पत्रा सजीव राहील.

ह्या संकटावर जो उपाय निघाला त्यास ‘आर्. सी. सी. बी.’ म्हणतात. त्याचें तत्त्व जमाखर्चाचें आहे. घरांत फेजच्या तारेंतून जितका प्रवाह येतो तितकाच न्यूट्रलच्या तारेंतून परत गेला पाहिजे. ह्या दोन्ही तारा एका लोखंडी कड्यांतून नेलेल्या असतात. जमा व खर्च सारखा असेल तोंवर कड्यांत चुंबकत्व उत्पन्न होत नाहीं. कोठें तरी माणसाच्या देहांतून अथवा ओल्या भिंतींतून थोडा प्रवाह जमिनीकडे गळाला कीं हिशेब चुकतो, कड्यावरील तिसऱ्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते आणि खटका सुटतो. घरगुती उपयोगाचा आर्. सी. सी. बी. तीस मिलिअँपिअरचा असतो. गळती पंधरांच्या वर गेली म्हणजे त्यास पडण्याची मुभा आहे आणि तीसवर पडणें बंधनकारक आहे. दीडशें मिलिअँपिअरवर त्यानें चाळीस सहस्रांश सेकंदांत वीज तोडावयास पाहिजे; हृदयाच्या एका ठोक्यास ह्याच्या वीसपट वेळ लागतो. केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या २०१० सालच्या सुरक्षाविषयक नियमांनीं घरगुती जोडणीस हीच तीस मिलिअँपिअरची मर्यादा घालून दिली, आणि २०२३ सालीं त्यांच्या जागीं आलेल्या नियमांतही गळतीपासूनच्या रक्षणाची अपेक्षा आहे.

त्याला अर्थिंगची गरज नाहीं असें कांहीं विक्रेते सांगतात. तें अर्धसत्य होय. अर्थिंग नसेल तरी तो काम करील हें खरें. परंतु मग गळतीला पहिली वाट सांपडते ती माणसाच्या देहाची, आणि धक्का बसल्यावर वीज तुटते. अर्थिंग धड असेल तर दोष उत्पन्न होतांच, कोणी हात लावण्यापूर्वींच, ती तुटते. शिवाय फेज व न्यूट्रल ह्या दोहोंस एका वेळीं हात लावणाऱ्या माणसास आर्. सी. सी. बी. ओळखूं शकत नाहीं, कारण तेथें जमाखर्च बिनचूक जुळतो. आणि अधिक भारापासून वायरीचें रक्षण तो करीत नाहीं; त्यासाठीं एम्. सी. बी. हवीच.

जुन्या घरांत आर्. सी. सी. बी. बसविल्यावर पहिला अनुभव मात्र मनस्तापाचा येतो. बसवितांच तो पडतो, उचलावा कीं पुन्हां पडतो. याचें कारण बहुधा न्यूट्रलचा घोटाळा. पन्नास वर्षांत कोणी कोठें दिवा वाढविला, कोणी पंखा, आणि जवळ सांपडेल तो न्यूट्रल जोडून काम भागविलें. फेज एका खोलीचा, न्यूट्रल दुसऱ्या खोलीचा. क्वचित् न्यूट्रल म्हणून चक्क अर्थिंगचीच तार वापरलेली. जुन्या फ्यूजांस ह्याचें सुखदुःख नव्हतें. घोटाळा उलगडण्यास एक संबंध दिवस लागतो, आणि त्या दिवसाची मजुरी देण्यास घरमालक कां कूं करतो. मग वायरमन मधला मार्ग काढतो: आर्. सी. सी. बी. पेटींत शोभेला राहतो आणि वायरी त्यास वळसा घालून जातात. अशी पेटी ओळखणें सोपें आहे. आर्. सी. सी. बी.वर ‘टी’ अक्षराचें एक बटण असतें. तें दाबलें असतां खटका पडून त्याच्या हद्दींतील दिवे गेले पाहिजेत. खटका पडला आणि दिवे तसेच राहिले, तर तो वळसाच होय. खटका पडलाच नाहीं तर तो निकामी झाला आहे, अथवा त्यास वीजच पोंचत नाहीं. कामाचे पैसे चुकते करण्यापूर्वीं हें बटण मालकानें स्वतः दाबावें, आणि पुढेंही दोनतीन महिन्यांनीं दाबीत जावें. वर्षानुवर्षें न हललेला खटका ऐन वेळीं अडकून बसतो.

जुन्या बोर्डावर आणखी एक दोष पुष्कळदां आढळतो: फेजप्रमाणें न्यूट्रलवरही फ्यूज. तो एकटा उडाला तर दिवा विझतो व वीज गेली असें वाटतें, परंतु दिव्याच्या वायरींत ती हजर असते. १९५६ च्या विद्युत् नियमांनींच न्यूट्रलवर एकटा फ्यूज ठेवण्यास मनाई केली होती. तरी त्या आधींच्या घरांतून तो राहून गेला. पेटी बदलतांना हा फ्यूज काढून टाकणें, आणि फेज व न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारी मुख्य कळ बसविणें, हें कामाचें आद्य अंग समजावें.

पेटींत गीझर, वातानुकूल यंत्र व स्वयंपाकघर ह्यांना प्रत्येकी निराळी कळ व निराळी वायर द्यावी. ऐपत असेल तर आर्. सी. सी. बी. एकाऐवजीं दोन घ्यावे, म्हणजे गीझरच्या दोषानें सगळें घर अंधारांत जाणार नाहीं. मीटर व त्यामागील कंपनीचा फ्यूज ह्यांवरील सील कोणीही तोडूं नये. ती मालमत्ता वीज पुरविणाऱ्या संस्थेची. भार वाढणार असेल तर त्या संस्थेकडे मंजूर भार वाढवून मागण्याचा अर्ज आधीं करावा, आणि काम परवानाधारक कंत्राटदाराकडून करवून त्याचा चांचणी-अहवाल घ्यावा. ज्यांच्या घरीं इन्व्हर्टर आहे त्यांनीं एवढें विसरूं नये कीं मुख्य कळ पाडली तरी त्या बॅटरीची वीज कांहीं वायरींतून चालूच असते. काम सुरू होण्यापूर्वीं तोही बंद केला पाहिजे.

राहतां राहिला पावसाळा. जुलै-आगस्टांत भिंती पाणी धरतात, आणि नवा आर्. सी. सी. बी. मध्यरात्रीं पडूं लागतो. त्यास दूषण देऊन काढून टाकण्याचा सल्ला अशा वेळीं शेजारीपाजारी हटकून देतात. तसें न करतां सर्व लहान कळा खालीं कराव्या, आर्. सी. सी. बी. उचलावा, आणि मग एकेक कळ वर करीत जावें. जी वर करतांच तो पडेल तिच्याच वायरींत ओल शिरली आहे. सर्व कळा खालीं असतांही तो ठरत नसेल तर दोष न्यूट्रलमध्यें समजून कारागिरास बोलवावें. ही शोधाशोध सोपी व्हावी म्हणून पेटीच्या झांकणाच्या आंतल्या अंगास प्रत्येक कळेपुढें तिचें नांव लिहून ठेवावें, आणि तेंही ‘सर्किट चार’ असें नव्हे, तर ‘न्हाणीघर, गीझर’, ‘मागची खोली व देवघर’ असें घरच्या भाषेंत. शाई पक्की असावी. पेन्सिलीचीं अक्षरें स्वयंपाकघराच्या वाफेनें दोन वर्षांत पुसट होतात.